मागच्या खोलीची तपासणी

हॅलो?… हां, बोल ताई… अगं बोल ना, दुकानातच आहे. या वेळेला कोण येतंय चष्मे घ्यायला. एक आजोबा बसलेत आरशासमोर, तेवढेच… तुला धाप का लागलीय? पळत होतीस?… कोण?… कोण आलंय म्हणालीस?

…शिडी घेऊन?

…बरं… हं… डोक्याला दिवा… गुडघ्यांना पॅड बांधलेत… हं… हो, ऐकतेय.

ताई, एक सेकंद. आजोबा, ती काळी फ्रेम ठेवा खाली, ही तपकिरी लावून बघा. घाई नाही, निवांत बघा, मी आलेच.

हां, बोल… नाही, टाळत नाहीये. गिऱ्हाईक आहे समोर… अगं पण ती आज येणारच नव्हती. गुरुवारी यायची होती, दुकान बंद असतं त्या दिवशी, मी येणार होते तिच्याबरोबर… हो, मला माहीत होतं… हो… हो ताई. मीच पाठवलीय.

…

ताई?

…ताई, आहेस ना गं?

…आहेस. बरं. मग बोल की काहीतरी. हवं तर ओरड माझ्यावर.

पण मला एक सांग, तू तिला दारातच का नाही विचारलंस, बाई तुम्ही कोण, कुठून आलात?… काय वाटलं तुला?… सामान हलवणाऱ्या कंपनीची?

…नाही, हसत नाहीये. ठसका लागला… अगं, पण सामान हलवणारी बाई छपरावर कशाला चढेल?… अंदाज घ्यायला. कसला अंदाज? छप्पर पण नेणार होतीस की काय लेकीकडे?

…बरं, नाही हसत. सांग.

…म्हणजे तू तिला सगळं घर फिरवून दाखवलंस… कपाटंसुद्धा… चहा केलास… हं… आणि काय काय सांगितलंस?… स्वयंपाकघराचं दार फुगतं, खालून लाथ मारल्याशिवाय उघडत नाही… वरची खिडकी लागत नाही, फटीत वर्तमानपत्र कोंबावं लागतं… बाथरूममधलं पाणी रेंगाळतं… ताई, हे सगळं तू स्वतःहून सांगितलंस?… सामान नेताना कुणी पाय घसरून पडू नये म्हणून. बरोबर… आणि ती लिहून घेत होती. घेणारच ना गं. इतकी प्रामाणिक घरमालकीण तिला उभ्या आयुष्यात भेटली नसेल.

…मग कळलं कधी?… तिनेच सांगितलं? काय म्हणाली?… 'तुमच्या बहिणीने घर बघायला सांगितलंय, घर घेण्याआधी'… हं. सरळ बोलते ती. तिचं तसंच आहे.

…नाही. नाही ताई. नाही गं. तुझ्यावर विश्वास नाही असं कोण म्हणालं?… मी? कधी?… पाठवली म्हणजे म्हणालेच, असं कसं होईल… सख्ख्या बहिणीच्या घरावर इन्स्पेक्टर घातला. घातला काय, ताई, पोलीस आहे का ती? घर तपासणारी आहे. छप्पर बघते, पाण्याच्या नळ्या बघते, भिंतीतली ओल मोजते. तुला नाही तपासत.

…सांगणार होते. शपथ. रविवारी सांगणार होते. जेवायला बसलो होतो, शब्द अगदी ओठांवर आला होता, तेवढ्यात तू आमटी आणायला उठलीस… मग सोमवारी फोन केला, तर तू दाढेचं काढलंस. दाढ दुखतेय म्हणणाऱ्या माणसाला कसं सांगायचं, की बाई, तुझ्या घराचे सुद्धा दात बघायचेत?… हो, भ्यायले. स्पष्टच सांगते, भ्यायले. तुला घाबरत नाही असं कोण आहे आपल्यात? भावोजी एवढे अंगापिंडाने, ते सुद्धा नवा शर्ट आणला की आधी माझ्याकडे ठेवायचे.

…आज कशी आली? तेच मी पण विचार करतेय… थांब. थांब हं. सकाळी एक मेसेज आला होता. 'आज जमेल का?' असा. मी एका बाईच्या फ्रेममध्ये काच बसवत होते, मला वाटलं काचावाल्याचा असेल. मी अंगठा पाठवला… हो, नुसता अंगठा… हो ताई, चष्म्याचं दुकान आहे माझं, माहीत आहे मला. नीट वाचायला हवं होतं.

आजोबा, छान दिसते की… नाही, घसरणार नाही, मी दांड्या वाकवून देते. जरा वर बघा. हां. बसा तसेच.

…कोण कुठली म्हणजे? नाही, रस्त्यावरून नाही उचलून आणली. ऐक ना, अगं ऐक ना, सांगते. दीड महिना गेलाय माझा या बाईला शोधण्यात. लग्नासाठी स्थळं नव्हती बघितली एवढी.

आधी यांचा तो मित्र. टाइल्सवाला… तोच, जोरात हसतो तो. हे म्हणाले, घरातलाच माणूस आहे, बाहेरचा कशाला. मी फोन केला त्याला. तो म्हणतो, 'वहिनी, बाथरूम पूर्ण तोडायला लागणार.' मी म्हटलं, अहो तुम्ही घर कुठे बघितलंय? तर म्हणाला, 'अनुभव.'… हो, अगं. घर न बघता बाथरूम तोडून मोकळा. मग मी म्हटलं, नको बाबा. तपासणारा तोच आणि दुरुस्त करणारा तोच, मग दोष निघणार नाही तर काय होणार… हं?… हां, बरोबर आहे, मी पण डोळे तपासते आणि मीच चष्मा विकते. आहे, तसं आहे. पण डोळे चांगले असले तर मी सांगते ना तसं. आजोबा, मागच्या खेपेला तुमचा नंबर बदलला नव्हता, तेव्हा मी तुम्हाला तसंच परत पाठवलं होतं की नाही?… बघ, मान हलवतायत. आजोबा, मान नका हलवू, फ्रेम बसवतेय मी.

मग दुसरा एक. चकचकीत ऑफिस, दारात मोठं कुंडीतलं झाड. म्हणाला, 'यायची सुद्धा गरज नाही मॅडम, फोटो पाठवा, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट देतो.' मला जरा शंका आली. मी काय केलं, मी त्याला आपल्या दुकानाचे फोटो पाठवले… हो, हेच दुकान. काउंटर, आरसा, मागचा तो अक्षरांचा बोर्ड, सगळं… ऐक तर. संध्याकाळी रिपोर्ट आला. 'घर उत्तम स्थितीत. स्वयंपाकघर प्रशस्त.'

…हसलीस. ऐकलं मी, हसलीस. नाही म्हणू नकोस.

मग ही. ही मला मिळाली एका गिऱ्हाइकाकडून, आणि ती गिऱ्हाईक हिच्यावर जाम चिडलेली. म्हणे, या बाईने माझं मनासारखं घर घेऊ दिलं नाही, जिन्यातच खोट काढली. चांगला अर्धा तास शिव्या घालत होती. मी म्हटलं, मला नंबर द्या तिचा… अगं, जिच्यावर विकणारे पण चिडतात आणि घेणारे पण चिडतात, ती बाई कुणाचीच मिंधी नसणार. साधा हिशेब आहे.

तरी मी नुसती भाळले नाही हं. दुकानात बोलावलं. म्हटलं, परवाना दाखवा. दाखवला. मी तो नंबर त्यांच्या ऑफिसला फोन करून विचारला, चालू आहे की नाही, कुणाची तक्रार आहे का. मग म्हटलं, आधी कुणाला दिलेला एखादा रिपोर्ट दाखवा. नाव-पत्ता झाकून दाखवला. फोटो, खाली साध्या भाषेत काय बिघडलंय, किती घाईचं आहे. मला समजला, ताई, म्हणजे कुणालाही समजेल… मग विचारलं, दुरुस्ती करता का? म्हणाली, 'अजिबात नाही. केली तर माझ्या तपासणीला काय किंमत?'

आणि मग मी विचारलं, तुम्हाला काय काय दिसत नाही? तर जे दिसतं त्यापेक्षा हीच यादी लांब. भिंतीच्या पोटातलं दिसत नाही, जमिनीखालचं दिसत नाही, कपाटामागचं कपाट हलवल्याशिवाय दिसत नाही… हो. जी बाई आपणहून एवढं सांगते, ती मला गंडवणार नाही, असं वाटलं. आणि शेवटी तिनेच मला विचारलं, 'घरात कोण राहणार? लहान मूल आहे? म्हातारं माणूस आहे? कुठल्या खोलीत झोपणार?' बाकी कुणीही हे विचारलं नव्हतं. एकानेही नाही.

…बाई म्हणून काय झालं? छपरावर चढली ना? तूच म्हणालीस, सरसर चढली. टाइल्सवाला चढला असता तर छप्पर खाली आलं असतं.

…काय म्हणतेय?… पन्हाळीत पानं साचलीत. मग असतीलच, तू कधी चढली होतीस बघायला?… आणि?… माळा कोरडा आहे. वा. बघ, चांगलं पण सांगते.

…आता कुठे आहे?… खाली उतरली… स्वयंपाकघर झालं… मग?… मागच्या खोलीकडे.

…हं.

…कुलूप? कुलूप कधीपासून असतं त्या खोलीला?… आत्ता घातलंस? ती माळ्यावर होती तेवढ्यात?… ताई… आणि काय सांगितलंस तिला?… किल्ली हरवलीय. आणि कुठे आहे किल्ली?… मुठीत.

ताई, दार उघड.

…नाही, 'ती खोली सोडून बघा' असं नाही चालत… कारण ती खोली बघायलाच आलीय ती.

…

हो. तेच. आता बोललेच आहे तर बोलते. बाकी घर मला पाठ आहे. छप्पर गळलं तर गळलं, दार फुगलं तर आपण लाथ मारू. मला त्या खोलीचं बघायचं होतं… माहीत आहे, भावोजींनी बांधलीय. मला नको सांगूस, मी विटा हातात दिल्यात त्यांच्या. तू वर उभी राहून ओरडत होतीस, उन्हात टोपी घाला म्हणून. दर सुट्टीला तेच. किती वर्षं चाललं होतं ते बांधकाम, माझं लग्न ठरून, होऊन, मी परत भेटायला आले तरी खिडक्या बसायच्या होत्या… माहीत आहे गं. त्यांचा जीव होता त्या खोलीत. तुझा पण आहे, झोपतेस तिथे, मला काय माहीत नाही?

पण ताई, ते क्रेन चालवायचे. माणूस लाखातला, माझ्यासाठी तर भावापेक्षा जास्त. पण क्रेन चालवायचे. घरं नव्हते बांधत. मनाने शिकले, याला त्याला विचारून. आणि त्या खोलीत आता आई झोपणार आहे.

…हो, अगं, त्यासाठीच तर तुझं घर हवंय मला. दुसरं काय आहे त्यात? तीन मजले चढून आमच्या घरी यायचं, लिफ्ट नाही, आई किती महिने खाली उतरलेली नाही हे तुला ठाऊक आहे. दिवसभर खिडकीत बसते आणि खालून जाणाऱ्यांना नावं ठेवते. काल मला म्हणाली, 'मला नुसतं जमिनीवर पाय ठेवून उभं राहायचंय गं.' जमिनीवर. काही फार मागतेय का ती?… तुझी मागची खोली म्हणजे तिच्यासाठी सोनं आहे. दार उघडलं की अंगण, बाथरूम लागून, चढउतार नाही. मला हवीच आहे ती. म्हणून तर डोळे मिटून घ्यायची भीती वाटली.

…तुला विचारलं असतं? तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, 'त्यांनी बांधलीय.' झालं. पुढे बोलायची सोय उरली असती का मला?

…

…रडू नको ना… नाही रडत. बरं… हं… आणि खोट निघाली तर?… ताई, खोट निघाली तर खोलीत निघेल. त्यांच्यात नाही निघणार. ते कोण होते ते सांगायला शिडीवाली बाई लागत नाही आपल्याला.

…हं.

…हो. उघड. मी आहे फोनवर. नाही ठेवत. उघड तू.

…

आजोबा, बघू… कानामागे टोचतंय का?… थोडंसं. हां, काढा. गरम करून वाकवते… नाही हो, भांडण नाही. बहीण आहे माझी. घर घेतेय तिचं… हो, थोरली… नाही, तुमच्यापेक्षा बरीच लहान आहे… ताई, तू ऐकतेयस ना?… उघडलंस? शाबास. ती काय करतेय?… भिंतीला ते यंत्र लावलंय. टूं टूं वाजतंय, ते मला पण ऐकू येतंय. ते वाजणं चांगलं की वाईट?… तुला कसं माहीत असेल, बरोबर. विचार तिला… नाही विचारत. बरं, नको विचारूस.

…टोकदार काहीतरी घेऊन कोपऱ्यात टोचतेय. टोचू दे… गादी हलवायचीय? मग हलव की… तू नको उचलूस एकटी, तिला सांग. पाठ धरेल तुझी.

…काय विचारतेय?… कुठली पट्टी?… अच्छा, ती. दिव्याजवळची. दे, दे तिला फोन, मी सांगते.

हां, नमस्कार. हो, मीच. अहो माफ करा, तो अंगठा… हो, हो, नंतर बोलू… ती लाकडी फूटपट्टी ना? बटणाशेजारी खिळ्याला लटकवलेली. ती दिव्याची आहे… म्हणजे दिवा लावायची. पट्टीच्या टोकाने बटण दाबायचं… हाताने दाबलं की करंटचा चिमटा बसतो ना, म्हणून… नेहमी नाही. अंघोळ करून आलं की बसतो, पाय ओले असले की… नाही, एकट्या ताईला नाही, सगळ्यांनाच बसतो. आम्ही पाहुण्यांना पण सांगतो आधीच, की दिवा लावायचा तर पट्टी घ्या… किती वर्षं म्हणजे… खोली झाली तेव्हापासूनच. भावोजींनीच लटकवली होती ती, आणि म्हणायचे, 'खोली जिवंत आहे आपली'… आम्ही हसायचो…

…

…हो.

…हो, बाई. आता तुम्हाला मोठ्याने सांगताना मला पण ऐकू आलं, मी काय बोलतेय ते.

…बोला. नाही, बोला, थांबले मी ऐकायला… हं… अर्थिंगच नाही. अजिबात?… स्वयंपाकघरातून एक बारीक वायर ओढलीय तेवढीच… आणि बाथरूमची ओल त्या भिंतीत उतरलीय, बटणाच्या मागेच… म्हणजे नुसतं बटण नाही, भिंतच… हं… अनवाणी, ओल्या हाताने… एखाद्या दिवशी चिमट्यावर भागणार नाही. कळलं… तुम्ही मेन बोर्डातून तिकडची लाइन बंद केलीत? आत्ता? बरं केलंत. फार बरं केलंत.

…आणि खोली? म्हणजे भिंती, वरचा स्लॅब, तो पाया… काय?… परत सांगा… जेवढं लोखंड लागतं त्याच्या दुप्पट? तुम्हाला आतलं दिसत नाही म्हणाला होतात ना… हां, यंत्राने सळया कळतात… बरं, अंदाजाने… एक भेग नाही? भिंत ओळंब्यात आहे, अगदी सरळ?… अहो, क्रेनवर आयुष्य गेलं त्यांचं. त्यांना वाटलं असेल, घरावरही कुणीतरी दहा टनांचं काहीतरी ठेवणार… हो, हे सगळं रिपोर्टमध्ये लिहा. हे पण लिहा, चांगलं ते पण लिहा.

आणि वायरिंग… सगळी काढून नवी. परवाना असलेला इलेक्ट्रिशियन. तुमच्या माहितीतला एखादा?… नाही देत नाव. नियम. बरोबर आहे, यासाठीच तर तुम्हाला निवडलं. पण आत्ता मनात येतंय, एकदा मोडा की नियम… नाही, नाही, मोडू नका. मी शोधते. शोधायची सवय झालीय आता… द्या, ताईला द्या.

…ताई? ऐकलंस का?… ऐकलंस. अगं, दुप्पट लोखंड. वर आणखी एक मजला चढवला तरी हूं की चूं करणार नाही म्हणाली ती खोली. भावोजी बांधकामात पहिले आले, ताई. वायरिंगमध्ये नापास झाले, पण बांधकामात पहिले… हसतेयस की रडतेयस? एक काहीतरी नक्की कर… दोन्ही कर. कर बाई.

…मग, काय म्हणत होते मी? बघ, बघून घेतलं तर काय बिघडलं? भिंती भक्कम आहेत, वायरिंग बदलून घेऊ. ओल काढू. मी उद्याच दोन-तीन इलेक्ट्रिशियनना बोलावते… हो, परवाना बघून. फोटोवरून वायरिंग सांगणारा नको… बटण आपण दाराशी घेऊ, खाली, आईच्या हाताला येईल असं. आणि रात्रीचा तो मंद दिवा पण एक… ताई, मला आत्ता विचार करून कसंतरी होतंय गं. आई रात्री तीनदा उठते बाथरूमला. अनवाणी. तिला पट्टीचं भान राहणार आहे का? चाचपडत भिंतीला हात लावला असता तिने. ओल्या भिंतीला. मी तिला तिथे झोपवलं असतं आणि… नशीब बाई पाठवली. आईसाठी म्हणून सुचलं मला, नाहीतर आपण सगळे असेच पट्टी घेऊन…

…काय?

…काय म्हणालीस?

…

…हो. तू रोज लावतेस तो दिवा.

…दोन वर्षं… हो, भावोजी गेल्यापासून… एकटी. हो.

…आईसाठी बाई पाठवली.

…

नाही सुचलं, ताई.

…नाही, काय सांगू? खरंच नाही सुचलं. दर रविवारी येते, तुझ्या हातचं जेवते, त्याच खोलीत लवंडते, पट्टीने दिवा लावते आणि घरी येते. आणि तू तिथे रात्री एकटी… काही झालं असतं तर कळलं पण नसतं गं कुणाला. मला रविवारी कळलं असतं.

…मला वाटतच नाही ना कधी, की तुला काही होईल. तू असतेस तिथे सगळं ठीकच असणार, असं मी धरूनच चालते. लहानपणापासून. तुझ्या घरात बघायचं काय असणार… तू मघाशी म्हणालीस, विश्वास नाही म्हणून पाठवली. उलटं झालं गं ताई. इतका होता की मी कधी बघितलंच नाही.

…नाही, तू बरोबर बोललीस. बोललीस ते बरं केलंस… मी कुठे रडतेय… आजोबा रुमाल देतायत, म्हणजे रडत असेन.

…ऐक. आता मी सांगते ते ऐक. आज त्या खोलीत झोपायचं नाही… लाइन बंद असली तरी नाही. आज तू माझ्याकडे… बरं, तीन मजले नकोत तुझ्या गुडघ्यांना. मग मी येते. पुढच्या खोलीत झोपू दोघी… आईजवळ हे आहेत ना. वाढतील तिला, एवढे काही अडाणी नाहीत… लेकीकडे जाईपर्यंत मी रोज येणार आहे झोपायला… तू नको म्हण, मी येणार… काही करू नकोस माझ्यासाठी. काहीही नको. पुन्हा चहा टाकू नकोस बाईसाठी पण… टाकलास? बरं. दे तिला. आणि थोपवून धर तिला मी येईपर्यंत, मला सगळं तिच्या मागे मागे फिरून बघायचंय. पूर्ण घर. छप्परसुद्धा… चढेन की.

आजोबा, आज दुकान बंद करतेय. फ्रेम नीट बसलीय, काचा उद्या घालून देते, पैशांचं पण उद्याच बघू. पायरी सांभाळा… हो, सांगते तिला. ताई, आजोबा म्हणतायत, बहिणीला जपा… नाही, तुला नाही म्हणाले. मला म्हणाले.

…हो. निघाले… अगं बोलत बोलत नाही येता येणार, शटर जड आहे, दोन्ही हात लागतात. ठेवते.